काळी न पडणारी बाटली

कुणाच्याही घरी पाण्याचा पेला हातात आला की अनिता म्हात्रे तो आधी उजेडाकडे धरते आणि मगच ओठाला लावते. हळदीकुंकवाला गेली तरी हेच. नव्या माणसाला राग येतो. माझी शेजारीण नमिता एकदा तिला म्हणालीच, "अगो, विष नाय घातलेलं त्यात. गाळून घेतलंय." अनिता हसली, पण पेला उजेडातून काढला नाही.

पेणला माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती भाड्याने राहते. नवरा प्रविण नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टवर असतो. मुलगी किमया तिसरीत. अनिता मला काकू म्हणते.

पेण आणि रोहा या दोन शहरांना आणि मधल्या गावांना पाणी पुरवणारं एक पाणी मंडळ आहे. त्याच्या पेणच्या भांडारात अनिता खरेदीचं काम पाहते. पाइप आणि मोटारींची खरेदी मोठी माणसं करतात. हिच्याकडे येतं ते पाणी तपासायचं सामान. क्लोरीन पाहायचे थेंब, प्रयोगशाळेच्या काचा, आणि गावोगावी पाठवायच्या लहान बाटल्या, ज्यांना सगळे काळी बाटली म्हणतात. बाटली खरं तर काळी नसते. खोकल्याच्या औषधाची असते तेवढीच, पांढरी काच. आत औषध असतं. नळाचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, बूच लावायचं आणि दिवस-दोन दिवस ठेवून द्यायची. पाण्यात वाईट जंतू असले तर आतलं पाणी शाईसारखं काळं होतं. नाही झालं तर पाणी प्यायला हरकत नाही. वाचता न येणाऱ्या बाईलाही निकाल कळावा अशी ही सोय आहे. प्रत्येक गावात एका बाईकडे हे काम दिलेलं असतं.

बाटल्या विकत आणायच्या, त्यात घाबरायचं काय, असं मला आधी वाटे. मग ती रविवारी माझ्या पडवीत कागद घेऊन बसू लागली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, म्हणून सरकारी पोर्टलवरचं इंग्रजी ती माझ्याकडून एकदा वाचून घेते. त्यातून मला हे काम कळलं. रोह्याच्या प्रयोगशाळेकडून मागणी येते. मालाचं वर्णन लिहून पोर्टलवर टाकायचं, दर येऊ द्यायचे आणि वर्णनात बसणाऱ्यांत ज्याचा दर सर्वांत कमी त्याचा माल घ्यायचा. अनिताचा जीव अडकतो तो या वर्णनात. एखादी गोष्ट लिहायची राहिली तर माल त्या गोष्टीशिवाय येतो, आणि परत पाठवता येत नाही, कारण कागदावर पुरवठादाराचं बरोबर असतं. लवकर मागवलं तर बाटल्यांची मुदत संपते. उशीर झाला तर पावसाच्या तोंडावर भांडार रिकामं.

"साडी घेताना पदर उलगडून बघता येतो, काकू," ती म्हणायची. "इथं आधी लिहून द्यायचं, मग काय येईल ते नेसायचं."

तिची भीती नोकरीतून आलेली नाही. वडील पुंडलिक मिठागरावर कामाला होते. गाव कासूच्या पलीकडे, खाडीकडे. भरतीला खारं पाणी अंगणाशी यायचं आणि पिण्याचं पाणी होडीतून पिंपांत. एका उन्हाळ्यात गावात जुलाब-उलट्यांची साथ आली आणि तिचा धाकटा भाऊ मिथुन त्यात गेला. "पाणी दिसायला एकदम स्वच्छ होतं, काकू," एवढंच तिने मला सांगितलं, आणि तेही एकदाच. उजेडात धरून जंतू दिसत नाहीत हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी पेला वर जातोच.

भांडारातही तिची एक रीत आहे. नवी खोकी आली की त्यातली एक बाटली ती भांडारामागच्या गटाराच्या पाण्याने भरते. ती काळी पडल्याशिवाय खोकं गावाकडे जात नाही. असा काही नियम नाही. भांडारातला नितेश म्हणतो, "म्हात्रे मॅडम गटाराला नैवेद्य दाखवतात." ती ऐकून घेते आणि बाटलीवर तारीख घालते.

या वर्षी जुन्या पुरवठादाराने दरच भरला नाही. दुसऱ्याच एकाचा माल आला. जुन्या बाटलीत औषध लावलेला कागदाचा तुकडा असायचा. नवीत कागद नव्हता. तळाशी थोडी तपकिरी पूड होती. वर्णनात कागद की पूड असं काही लिहिलेलं नव्हतं. अनिताने रोह्याला फोन केला. प्रयोगशाळेतली सुरभी म्हणाली, दोन्ही प्रकार चालतात, औषध तेच. गटाराच्या पाण्याने बाटली काळीकुट्ट झाली. मग खोकी गावोगाव गेली आणि बायकांना निरोप गेला की पूर्वीसारखंच भरायचं.

एप्रिल-मेमध्ये आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या गावांत, नळाला दिवसाआड पाणी येतं. पाइप रिकामा राहतो आणि जिथे कुठे चीर असेल तिथून बाहेरचा चिखल आत ओढतो. म्हणून दर उन्हाळ्यात पाइपच्या शेवटच्या गावांत काही बाटल्या काळ्या पडतात, धावपळ होते, चीर सापडते, पाणी पुन्हा चांगलं होतं. या उन्हाळ्यात एकही बाटली काळी पडली नाही. पहिल्या फेरीत नाही, दुसऱ्या फेरीतही नाही.

मंडळात सगळे खूश होते. अनिता माझ्याकडे आली ती चेहरा पांढराफटक करून.

"काकू, मला भीती वाटते."

"पाणी चांगलं आलं म्हणून?"

"पाण्याचं नाय म्हणत मी. सगळ्या बाटल्या सारख्या आल्या. असं कधी होत नाय."

तिने त्याच खोक्यातली दुसरी बाटली गटारावर लावली. ती काळी पडली. मग तिला वाटू लागलं की गावी जाताना टेम्पोत उन्हाने औषध मरत असेल. ती तिच्या साहेबांकडे गेली. अमोल शेडगे, उपअभियंता. माणूस वाईट नाही. ते तिला म्हणाले, "मॅडम, बाटली वाईट म्हणावी तर तुमच्या गटाराने तिला पास केलंय. पाणी वाईट म्हणावं तर बाटलीने त्याला पास केलंय. आता मी नापास कुणाला करू?"

हे तिने मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हसलो. मग तिने माझ्या माठाचं झाकण उचलून आत पाहिलं. तेव्हा मलाही धास्ती लागली. त्या आठवड्यात मी पिण्याचं पाणी दोनदा उकळू लागले.

किमयाला सुट्टी लागल्यापासून ती आजीकडे होती. आजी म्हणजे अनिताची आई, धोंडुबाई. त्या गावची काळी बाटली भरायचं काम धोंडुबाईकडेच आहे, आणि त्याचा तिला मोठा अभिमान. लेक पाण्याच्या ऑफिसात आणि आई पाण्याची तपासनीस.

एका दुपारी अनिता अवेळी घरी आली. चपलाही न काढता माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आईचा फोन होता. किमयाला कालपासून जुलाब होतायत. आता उलट्यापण. चला ना माझ्याबरोबर. प्रविण शिफ्टला आहे, फोन गेटवर जमा. मला एकटीला जाता येणार नाय."

मी दार ओढून घेतलं आणि निघाले. रिक्षा हायवेला लागली. वडखळ मागे पडलं तरी अनिता माझा हात धरून होती.

"उकळून देत असेल ना आई?" तिने विचारलं.

"देत असेल."

थोड्या वेळाने पुन्हा तेच, "देत असेल ना?" तिसऱ्यांदा विचारल्यावर मी रिक्षावाल्याला जरा जोरात घे म्हटलं. मिथुनचं नाव तिने काढलं नव्हतं. पण त्या रिक्षात तो आमच्या दोघींच्या मध्ये बसलेला होता.

कासूच्या पुढे रस्ता खाडीकडे वळला. दोन्ही बाजूला भेगाळलेली जमीन, मग घरं. धोंडुबाई दारातच उभी होती.

"कलिंगड खाल्लान गो, उनाचा. होईल बरी. तू कशाला येवढी घाबरलीस?"

आत चटईवर किमया पडली होती. एरवी माझ्या अंगणात दिवसभर ओरडणारी मुलगी, पण तिचे डोळे आत गेले होते आणि ओठांना पापुद्रे आले होते. आईला पाहून तिने तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. अनिताने तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, हळूहळू खाली गेली.

"दवाखान्याच्या आशाताईने जुलाबाची पुडी दिलीय पान्यात घालून प्यायला," धोंडुबाई म्हणाली. "मघापासून पाजतंय. शेजारच्या पोपटच्या पोरांना पन तसाच झालाय. सगली कलिंगडावर पडली होती."

"पाणी उकळलंस?"

"उकलू कशाला? बाटली काली पडली का? मी साऱ्या गावाला सांगितलाय, गॅस जालू नका, आपला पानी यंदा एक नंबर हाय."

पुडीचं पाणी ज्या तांब्यात होतं तो अनिताने उचलून बाहेर ओतला. मुलीला खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाली, "पेणला नेऊ. लगेच." रिक्षावाल्याने गाडी वळवून ठेवली होती.

दाराशी ती थांबली. फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी, भरलेली बाटली ठेवलेली होती. आतलं पाणी काचेसारखं पारदर्शक.

"काकू, हिला घ्या."

मी रिक्षात बसले आणि किमयाला मांडीवर घेतलं. तिचं डोकं माझ्या दंडावर लोळत होतं. मला तिच्या श्वासाखेरीज दुसरीकडे लक्ष द्यायचं धैर्य नव्हतं, पण अंगणातला नळ अगदी समोर होता.

"आई, भांडारात ही बाटली भरली की पाणी लगेच कोऱ्या चहासारखं होतं," अनिता म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "तुझं असं पांढरं कसं? तू भरतेस कशी? नवी घे आणि भर बघू."

"आता? पोरीला आधी..."

"आता भर."

धोंडुबाईने खोक्यातून कोरी बाटली काढली. नळाला बारीक धार होती. तिने थोडं पाणी आत घेतलं, तोंडावर अंगठा दाबला, जोरात हलवलं आणि ते अबोलीच्या मुळाशी ओतलं. पुन्हा घेतलं, पुन्हा हलवलं, पुन्हा ओतलं. मग बाटली वर उजेडाकडे धरली. लेक पेला धरते ना, तशीच. तळ लख्ख झालेला पाहून तिचं समाधान झालं. मग तिने खुणेपर्यंत पाणी भरलं, बूच लावलं आणि लेकीपुढे धरली.

"हे ग. तुझ्या माणसांनी बाटल्या न धुताच पाठवल्यान. तलाला माती होती साऱ्यांच्या."

अनिता नळाच्या कट्ट्यावर बसली.

"ती माती नव्हती गो आई. ते औषध होतं."

"औषध कागदावर असता. मागच्या बाटलीत कागद होता, तो आदी काढून मंग बाटली विसलायची, कागद मी कदी धुतला नाय. मना येवढा कलता." धोंडुबाईचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "या तलाच्या पुडीचा कोन बोलला मना? निरोप आला, पयल्यासारखा भर. मी पयल्यासारखा भरला."

न विसळलेल्या भांड्यात पिण्याचं पाणी भरायचं नाही, हे आमच्याकडे मुलींना कळशी उचलता येण्याआधी कळतं. आणि ही तर पाण्याची परीक्षा करायची बाटली. तिने ती देवाच्या तांब्यासारखी धुतली होती. बाकीच्या गावांतही अशाच बायका होत्या. त्या सगळ्यांनी बाटल्या धुतल्या असतील, उजेडात पाहिल्या असतील, आणि शेजारणींना सांगितलं असेल की पाणी चांगलं आहे.

मांडीवरच्या मुलीला उलटीचा उमाळा आला आणि काहीच पडलं नाही. मी ओरडले, "अनिता, चल!"

ती उठली. खोक्यातली आणखी एक बाटली घेतली, न विसळता तशीच धारेखाली धरली. पाणी आत जाताच चहाच्या रंगाचं झालं. ती पर्समध्ये टाकून अनिता रिक्षात चढली आणि तिने किमयाला आपल्या मांडीवर घेतलं. मागे धोंडुबाई अनवाणी घरोघर निघाली होती. "ओता! पानी ओता! मी चांगला सांगितला ना, ता ओता!" तो आवाज वळण येईपर्यंत आमच्या मागे येत होता.

रिक्षातून अनिताने साहेबांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण तिने दोन्ही हातांनी किमयाला धरलं होतं आणि तो मी तिच्या तोंडापुढे धरला होता.

"साहेब, कासूकडची लाइन बंद करा. टँकर पाठवा. या उन्हाळ्याचे गावांचे सगळे निकाल खोटे आहेत."

"बाटली काळी पडली का?"

"उद्या पडेल."

"मॅडम, मग आज कशाच्या जोरावर बंद करू? गावंच्या गावं कोरडी पडतील. लोक माझ्या दारात येतील."

"बायका बाटली विसळून भरतायत, साहेब. औषध नाल्यात जातंय. पूड आहे, विसळू नका, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. माझं नाव घाला." मग तिचा आवाज फुटला. "माझी मुलगी माझ्या मांडीवर आहे, साहेब. ती पाहत नाय माझ्याकडे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बंद करतो," शेडगे म्हणाले. "लेखी नंतर बघू."

पेणच्या रुग्णालयात डॉक्टरांना किमयाची शीर सापडेना. दोन्ही हात झाले, मग पायाला सुई लागली. सलाईनचा पहिला थेंब पडला तेव्हा अनिता भिंतीकडे तोंड करून उभी होती. डॉक्टर म्हणाले, मूल फार कोरडं पडलंय, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. संध्याकाळी प्रविण कंपनीच्या कपड्यांतच आला. मी घरी जायला निघाले तेव्हा अनिताने पर्समधली बाटली माझ्या हातात दिली.

"स्वयंपाकघरात ठेवा. इथं मी हिच्याकडे बघू की तिच्याकडे?"

मी ती ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. आयुष्यात मी पुष्कळ औषधांच्या बाटल्या सांभाळल्या. पतींच्या आजारपणात तर उशाशी रांग असे. पण कुठल्याही बाटलीकडे पाठ करायची मला अशी भीती वाटली नव्हती. काळी पडली तर त्या मुलीच्या पोटात काय गेलं ते पक्कं होणार होतं. आणि नाही पडली तर अनिताने फक्त भीतीपायी गावांचं पाणी तोडलं असं ठरणार होतं. देवापुढे उभी राहिले, पण काय मागावं ते कळेना.

सकाळी ती राखाडी होती. दुपारी पाहिली तर काळी, गटाराची व्हायची तशीच.

ती रुमालात गुंडाळून मी रुग्णालयात गेले. वॉर्डच्या दाराशी शेडगे साहेब उभे होते, बुटांना खाडीकाठच्या खाजणाचा चिखल. चीर पहाटे सापडली होती, त्यांनी स्वतः उतरून पाहिली होती. बाटली पाहून त्यांनी डोळे मिटले. "माझाही मुलगा हेच पाणी पितो," एवढंच म्हणाले.

अनिताने बाटली हातात घेतली नाही. "काकू, तिने मघाशी पाणी मागितलं," ती म्हणाली. "मागितलं तिने. आणि मला देता येईना. उकळलेलं होतं, मीच उकळलं होतं, तरी माझा हात पुढे होईना. शेवटी प्रविणने पाजलं."

किमया वाचली. पोपटची मुलंही वाचली, धाकट्याला अलिबागला हलवावं लागलं. चौकशी अजून चालू आहे. आपलं काय होईल हे अनिताला माहीत नाही, आणि ती मला विचारत नाही. शेडग्यांनी तिला भांडारातून काढलेलं नाही. तिने मालाच्या वर्णनात एक ओळ वाढवली, ती आम्ही दोघींनी मिळून इंग्रजीत बसवली. प्रत्येक बाटलीवर मराठीत ठळक छापलेलं हवं की आत औषध आहे, विसळू नये. शेजारी तसं चित्रही हवं. नसेल तर दर कितीही कमी असो, माल घ्यायचा नाही. पण छापील ओळीवर तिचा विश्वास नाही. सुट्टी घेऊन ती गावोगाव गेली आणि प्रत्येक बाईला आपल्यासमोर बाटली भरायला लावली.

आईच्या गावाला शेवटी गेली, तेव्हा मीही बरोबर होते. धोंडुबाई आधी नको म्हणाली. "दुसऱ्या कुनाला दे ह्या काम. माझ्या हाताला आता ईस्वास नाय."

"तूच भरायचंस," अनिता म्हणाली.

धोंडुबाईने कोरी बाटली धारेखाली धरली. थोडं पाणी आत गेलं आणि तिचा अंगठा आपोआप तोंडावर आला. अंगठा तिथेच राहिला. मग तिने तो दुसऱ्या हाताने बाजूला केला, जणू कुणा दुसऱ्याचा होता, आणि बाटली खुणेपर्यंत भरली. पाणी चहाच्या रंगाचं झालं.

तिने ती लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. किमया दारातून आत आली, खेळून तापलेली, आणि म्हणाली, "आजी, पाणी."

कुणीच उठलं नाही. माठात उकळून गार केलेलं पाणी होतं, झाकण लावलेलं. धोंडुबाईने अनिताकडे पाहिलं, अनिताने फळीकडे. मग अनिताने पेला भरला, उजेडाकडे धरला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.